दाराची भूमिका

आमच्या हिच्या बहिणीचा मुलगा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे अर्थातच नाटकात आहे. त्यांच्या ग्रुपचा प्रयोग होता, सांगलीतच, विश्रामबागेत, रविवारी संध्याकाळी, ऐन मॅचच्या वेळेला. मी म्हटलं अगं मला प्रायोगिक नाटकातलं काय कळतंय, तर ही म्हणाली "अहो, सांगलीचे ना तुम्ही?" हे आमचं कायमचं दुखणं. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवर केलं आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाला नाटक कळतंच असं लोक धरून चालतात. मला हळदीचे भाव कळतात.

तर भाच्यासाठी गुलाबांचा बुके घेतला, माझ्यासाठी भडंगचा पुडा घेतला (हा गुपचूप) आणि गेलो.

दारात एका पोरीनं कागद दिला. मूळ नाटक स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गचं, 1901 सालचं, नाव 'ड्रीम प्ले', विषय मानवी आत्म्याची धडपड. पुढं वाचतो तर नायिका कोण, इंद्राची मुलगी! म्हटलं चला, ओळखीतलं घर निघालं. भाव्यांच्या नाटकातही देव यायचे, राक्षस यायचे, सूत्रधार गाऊन सगळं समजावून सांगायचा, आणि घरी जाताना सीता कुणाला मिळाली हे मागच्या रांगेलाही माहीत असायचं. इथं सूत्रधारच नव्हता.

इंद्राची मुलगी माणसांचं दुःख बघायला खाली येते. एक राजवाडा असतो तो झाडासारखा जमिनीतून उगवून वाढत असतो, खत घातलेलं असतं त्याला, आणि शेंड्याला शेवंतीची कळी. खताचा विषय निघाल्यावर माझ्या शेजारचे आजोबा, बहुतेक ऊसवाले असावेत, एकदम सावरून बसले, पण तो विषय कुणी पुढं नेलाच नाही. मग एक ऑफिसर गुलाब घेऊन थिएटरच्या दारात कुणा व्हिक्टोरियाची वाट बघत बसतो, दिवे जातात, दिवे येतात, तोवर त्याचे केस पांढरे आणि गुलाबाच्या नुसत्या काड्या, व्हिक्टोरिया काही येत नाही. आणि इंद्राची मुलगी दर थोड्या वेळानं म्हणते, माणसांची कीव येते. पहिल्या तीन वेळा ती त्या ऑफिसरकडं वगैरे बघून म्हणाली, चौथ्यांदा मला वाटतं आमच्या रांगेकडं बघून.

आमचा भाचा दार झाला होता. म्हणजे नाटकात एक बंद दार असतं आणि त्याच्यामागं काय आहे याचा सगळ्यांना घोर लागलेला असतो. छातीवर पुठ्ठ्याची कडी लावून पोरगं दोन तास उभं. मेव्हणी सारखी वळून मला सांगायची, "बघितलंत भावजी, जरासुद्धा हलला नाही."

माझी वेगळीच धडपड चालली होती. भडंग हा शांततेत खायचा पदार्थच नाही हो. एक घास तोंडात टाकला आणि नेमके सगळे गप्प झाले, तो कुरमुरा मऊ पडेपर्यंत मी नुसता जिभेवर धरून बसलो, त्यात लसणाचा ठसका. कृष्णेला पूर आला की आमच्या आयर्विन पुलावर बरं असतं, पट्टीवर 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, माणूस वेळेत जनावरं सोडून निघतो तरी. प्रायोगिक नाटकाला अशी पट्टी नसते, पाणी कुठवर आलंय आणि अजून किती चढणार काही पत्ता नाही.

शेवटी एकदाचं दार उघडलं, म्हणजे भाचा बाजूला सरकला. मागं काहीच नसतं, हेच म्हणे लेखकाला म्हणायचं होतं. पण मागं भिंतीवर स्विचबोर्ड होता, आणि एक बारकं पोरगं मोठ्यांदा ओरडलं, "फॅन लावा की!" अख्ख्या संध्याकाळीत पहिल्यांदा टाळ्या पडल्या.

संपल्यावर ही म्हणाली, तुम्ही इथंच थांबा बुके घेऊन, आम्ही त्याला घेऊन येतो, आणि दोघी बहिणी आत गेल्या. आता दोन बहिणी एकत्र आत गेल्या म्हणजे. लोक गेले. खुर्च्या एकात एक गेल्या. रिक्षा गेल्या. गुलाबांनी माना टाकल्या, दोन पाकळ्या बुटावर पडल्या. पाऊण तासानं वॉचमन किल्ल्या वाजवत आला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बुके बघितला आणि म्हणाला,

"तुम्ही नाटकातलंच न्हवं? मग मागच्या दारानं जावा की, हितलं बंद करायचंय."