अकरा स्क्रू, तेरा आवाज

मला गिटारवर साडेचार कॉर्ड येतात. जी, सी, डी आणि ई मायनर हे चार पूर्ण, आणि एफ अर्धा. एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं. माझं बोट तिसऱ्या तारेपर्यंत पोचून राजीनामा देतं. हे कॉलेजपासून असंच आहे. तेव्हा घेतलेली इलेक्ट्रिक गिटार, स्ट्रॅटोकास्टरची स्वस्तातली नक्कल, पंचवीस वर्षं माळ्यावर होती. यंदा उन्हाळ्यात ती खाली काढली, पुसली, नव्या तारा चढवल्या, वाजवली, आणि इतकी वर्षं आपलं कुठे अडलं होतं ते क्षणात कळलं. गिटारमध्ये आवाज कमी होते.

कमी म्हणजे पाच. या जातीच्या गिटारला तारांखाली तारांचा आवाज टिपणारे तीन पिकअप असतात: एक मानेपाशी, एक मधला, एक ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे. 1954 साली ही गिटार आली तेव्हा तिला तीनच कप्प्यांचं बटण होतं. लोकांनी ते दोन कप्प्यांच्या मध्येच अडकवून दोन चोरटे आवाज शोधून काढले, आणि कंपनीनं पाच कप्प्यांचं बटण द्यायला 1977 साल उजाडलं. आता हिशोब बघा. तीन पिकअप, प्रत्येक चालू किंवा बंद, सगळे बंद हा प्रकार सोडला तर सात जोडण्या होतात. बटण देतं पाच. माझ्या हक्काचे दोन आवाज मधल्या मध्ये कुणीतरी खाल्ले होते, आणि मी पंचवीस वर्षं त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

दोनच परत मागितले असते तर एका जास्तीच्या बटणावर काम भागलं असतं. पण मी ब्रायन मे या गिटारवादकाचं वाचलं. 1963 साली या मुलानं वडिलांना हाताशी धरून घरीच गिटार करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटरसायकलच्या, दांडीच्या टोकाला विणायच्या सुईचा तुकडा. आणि तीन पिकअपना मिळून सहा बटणं: प्रत्येकाला एक चालू-बंदचं आणि एक उलट-सुलटचं. पुढे याच गिटारवर क्वीन हा बँड उभा राहिला. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकलेला, म्हणजे ही गिटार लांबून का होईना आमच्या सातारा जिल्ह्याच्या सोयरिकीतली. सहा बटणांतून वेगळे असे तेरा आवाज निघतात. एकेकटे तीन, जोडीजोडीचे सुलट-उलट धरून सहा, तिघांचे मिळून चार. मी हे पाठीमागे कॅलेंडर असलेल्या कागदावर मांडून पाहिलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

नेमके त्याच आठवड्यात सासरे आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ऑपरेशन झाल्यावर अप्पांना काळा चष्मा लागला, वाचन बंद, टीव्ही बंद, वाकणं बंद. उरले कान. अप्पांचे कान म्हणजे साधे कान नव्हेत. पन्नास वर्षं गाणं शिकलेत, शिकवलंय, आणि तानपुरा जुळवायला बसले की घरातल्यांनी जेवून घ्यावं असा रिवाज आहे. तारांखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे, की जवारी, म्हणजे तारेची झणझण, खुलते नाहीतर बंद होते. दर दोन तासांनी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडे होतं. उरलेल्या वेळात मी गिटार.

पहिल्याच दिवशी मी गिटार जोडली, दहा वॉटचा ॲम्प्लिफायर लावला आणि काही वाजवायच्या आतच खोलीतून हाक आली.

"जावईबापू, तानपुरा कधी घेतलात?"

"तानपुरा नाही अप्पा, ती गिटार गुणगुणतेय."

"पेटीची पांढरी पाच लावलीय. छान. माझ्या पांढरी एकचा पंचम. पण जरा चढा आहे, उतरवा."

पिकअप म्हणजे सहा लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की खाली वेढ्यांत वीज थरथरते. पण या वेढ्यांना कान आहेत, विवेक नाही. गिटारच्या तारेचं ऐकता ऐकता ते भिंतीतल्या वायरचं, ट्यूबलाइटच्या चोकचं, फ्रिजचंही ऐकतात. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. पियानोच्या पार तळातल्या पांढरी पाचची 49 भरतात. अप्पांनी मोतीबिंदूच्या चष्म्याआडून एका आवर्तनाची चूक धरली होती. मी त्यांना समजावलं की हे वीजघरातूनच येतं, उतरवता येणार नाही. त्यांनी विचारलं, "सगळीकडे असंच?" मी म्हटलं, अमेरिकेत 60 आवर्तनं. मग पेटीवर बसवून पाहिलं, तर 60 हा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. अप्पा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तरीच न्यू जर्सीला धाकटीकडे मला करमलं नाही."

सामान आणायला तपकीर गल्लीत गेलो. पुण्यात ज्याला दोन वायरी जोडायच्या असतात तो शेवटी तिथेच जातो.

"सहा स्लाइड स्विच द्या, डीपीडीटी."

"कशाला लावायचेत?"

"गिटारला."

दुकानदारानं हातातला चहा खाली ठेवला. "एका गिटारला सहा?"

"आणि आवाज कमी-जास्त करायला अडीचशे केचा पॉट. लॉग हवा, लिनिअर नको."

"लिनिअरच आहे. सगळे तोच नेतात."

"तसं नाही, लिनिअरला आवाज थोडं फिरवलं की एकदम चढतो आणि पुढे नुसतंच फिरवत बसावं लागतं. आपल्या कानाची रचनाच..."

"साहेब, कानाचं मला माहीत नाही. लिनिअर आहे."

लिनिअर घेतला. शिवाय 60/40 सोल्डरचं रीळ, पेस्टची डबी, 473 छापलेला कपॅसिटर. म्हणजे 0.047 मायक्रोफॅरड, टोनचं बटण फिरवलं की वरचे तीक्ष्ण सूर गिळायचं काम याचं. अप्पांना ते सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे जवारी बंद करायचा दोरा." एवढ्या थोडक्यात ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तेरा आवाजांबद्दल मात्र त्यांना पटेना. "भातखंड्यांनी सगळे राग दहा थाटांत बसवले. तुम्हाला साडेचार कॉर्डना तेरा?"

आता सोल्डरिंग. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर गिटार, सांडशीवर तापलेली इस्त्री. (सोल्डरिंग आयर्नला मी मनातल्या मनात इस्त्रीच म्हणतो, त्यानं भीती कमी होते.) एका स्लाइड स्विचला सहा पाय. सहा स्विच म्हणजे छत्तीस. सोल्डरिंगशी माझा छत्तीसचा आकडा आहे हे तेव्हा शब्दशः सिद्ध झालं. सोल्डरमधली राळ जळून धूर निघाला की अप्पा खोलीतून विचारायचे, "धूप कोण घालतंय?" आणि हात जोडायचे. स्विचच्या पायावर इस्त्री दोन सेकंद जास्त टेकली की आतलं प्लास्टिक वितळून पट्टी जिथल्या तिथे गोठायची. याउलट पॉटच्या पाठीवर वायर डागायची तर पंचवीस वॉटच्या इस्त्रीला ते जमतच नव्हतं. पॉटची पाठ म्हणजे लोखंडाचा पत्रा, सगळी उष्णता पिऊन गार. तुम्ही धरून बसा, धरून बसा, सोल्डरची गोळी तयार होते, मोत्यासारखी दिसते, वायर ओढली की मोती वायरीसकट हातात. असले सांधे धरल्याचं नाटक करतात. आमच्या सोसायटीची कमिटी आठवली.

टेबलावर एक काळा डाग पडला. त्यावर मी पोळ्यांचा डबा ठेवला. तो डबा तिथेच का असतो हे बायकोनं अजून विचारलेलं नाही, म्हणजे तिला माहीत आहे.

स्क्रूंचं सांगायचं राहिलं. हे सगळं काम गिटारच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाट्याखाली चालतं. तो पाटा अकरा स्क्रूंनी बसवलेला असतो, आणि त्याच्यावरून तारा जातात. म्हणजे आत डोकवायचं तर सहा तारा सैल करा, अकरा स्क्रू काढा, बघा, काही कळू नये, अकरा स्क्रू लावा, सहा तारा सुरात आणा. पहिल्यांदा बंद केली, जोडली, शांतता. गुणगुणही नाही. अप्पा म्हणाले, "वीज गेली का?" गुरुवार होता, शंका रास्त होती. पण पंखा फिरत होता. उघडली. वायरी सगळ्या जागच्या जागी. बंद केली. शांतता. उघडली. चौथ्यांदा उघडल्यावर दिसलं: बाहेरची गुणगुण आत येऊ नये म्हणून खाचेला मी आतून डब्यात पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवली होती, आणि पाटा दाबला की पॉटचा एक पाय अलगद त्या फॉइलला टेकत होता. सगळा आवाज थेट अर्थला. शिवाय फॉइलला अर्थची वायर जोडायला गेलो तर ॲल्युमिनियमला सोल्डर धरतच नाही. तांब्याची पट्टी आणायला हवी होती. वैतागून फॉइल ओरबाडून काढली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सातव्यांदा बंद करताना तीन स्क्रू नुसतेच फिरायला लागले. भोकं मोठी झाली होती. काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकांत ठोकल्या आणि रात्रभर ठेवलं. सगळ्या प्रकरणात पहिल्या फटक्यात जमलेलं काम तेवढंच.

आणि मग तेरा आवाज आले. मी वहीत तक्ता आखला, बटणांच्या जागा लिहिल्या, समोर आवाजाचं वर्णन लिहायला रकाना ठेवला. पहिल्यापुढे लिहिलं "गोल". दुसऱ्यापुढे "थोडा कमी गोल". पाचव्यापुढे "दुसऱ्यासारखा", सहाव्यापुढे "पाचव्यासारखा पण वेगळा". दोन पिकअप एकापुढे एक जोडले की आवाज जाड आणि मोठा होतो, ते कुणालाही कळतं. तेराही आवाजांवर मी जी-सी-डी वाजवून दाखवलं. बायकोनं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आत्ता बटण बदललंस की कॉर्ड चुकलास?"

नववा आवाज वेगळा होता, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1955 साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर या माणसानं गुणगुणीवर उतारा काढला. दोन वेटोळी घ्यायची, दुसऱ्याचे वेढेही उलटे आणि चुंबकही उलटा. फ्रिजची गुणगुण चुंबकाला विचारत नाही. ती एका वेटोळ्यात सुलट आणि दुसऱ्यात उलट शिरते, दोन्ही भेटल्या की संपतात. तारेचा सूर मात्र दोनदा उलटतो, आणि दोनदा उलटलेलं सुलट. विणकाम येणाऱ्याला हे पटकन कळेल. माझ्या गिटारचा मधला पिकअप असाच उलटा आहे, त्यामुळे शेजाऱ्याशी त्याची जोडी लावली की गुणगुण गायब होते. पण आता माझ्याकडे उलट-सुलटचं बटण होतं. ते मी मधल्याला लावलं. आता सुराची उलटापालट तीनदा झाली, म्हणजे सूर दुसऱ्या सुराला खाणार. आणि गुणगुणीची झाली दोनदा, म्हणजे गुणगुण गुणगुणीला मिळणार. दोन्ही पिकअप एकापुढे एक, तेव्हा दुप्पट. एवढी वायरिंग करून मी असा एक आवाज तयार केला होता ज्यात गिटार जवळपास नाही आणि वीज मात्र जोडीनं आहे. जी वाजवला तर सर्दी झालेल्या सनईसारखं काहीतरी दूरवर ऐकू आलं. वहीत लिहिलं, "निरुपयोगी".

खोलीतून आवाज आला. "हां! हाच ठेवा. बंद करू नका."

अप्पा भिंत धरत धरत बाहेर आले, सोफ्यावर बसले, काळा चष्मा सारखा केला आणि कानावर हात ठेवला. वीज एका आवर्तनानं चढी होती. मला वाटलं आता पुन्हा उतरवायला सांगतील. पण त्यांनी आपला षड्जच जरासा वर नेला, दोनदा चाचपला, आणि लावला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच गात होते. बायको स्वयंपाकघरातून कणकेच्या हातांनी दाराशी येऊन उभी राहिली. मला राहवलं नाही. साथीला हळूच सी धरावा म्हणून मी तारांवर हात ठेवला, आणि गुणगुण अर्ध्यावर आली. तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. माणसानं हात लावला की त्याच्या अंगानं गोळा केलेली वीजही तिकडे निघून जाते. फॉइल असती तर एवढा फरक पडला नसता.

अप्पांनी डोळे न उघडता डावा हात वर केला.

"जावईबापू, तारांना तेवढं शिवू नका. पंचम बसतो."