पक्षी, सहा नग

सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा मजकूर असा होता : 'काही सभासद आपल्या सदनिकेत वन्य पक्षी शिजवत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी लेखी खुलासा करावा.'

'काही सभासद' म्हणजे मी एकटा. बाकी सगळ्यांकडे त्या रविवारी कोंबडी होती, कारण गटारी तोंडावर आली होती आणि श्रावणात पुण्य साठवायचं तर आधी गोदाम रिकामं करावं लागतं. आणि 'वन्य पक्षी' म्हणजे लावे. तेही मुरबाडकडच्या एका फार्मवर पिंजऱ्यात वाढलेले जपानी लावे. पाच आठवड्यांचं आयुष्य. त्यांनी वन सोडा, कुंडीतली तुळससुद्धा पाहिली नसेल.

सोललेला लावा तळहातावर मावतो. पाय पोटाशी दुमडलेले, मान नाही, छातीचं हाड नखाएवढं. पिशवीतून सहाही जण ताटात ओतले तेव्हा बायको म्हणाली, "हे तान्ह्या बाळांसारखे झोपलेत, मी हात लावणार नाही." मग मीच लावला. आलं-लसूण, हळद, लिंबू, थोडा घरचा मसाला. दीडशे-दोनशे ग्रॅमचा जीव, अंगावर चरबी नावालाही नाही. जास्त वेळ ठेवला तर चामडं, कुकरला लावला तर सूप. म्हणून कढईत, झाकण ठेवून, शेजारी उभं राहून.

आता आमच्या इमारतीचा डक्ट. बिल्डरने तो कशासाठी ठेवला ते त्यालाच ठाऊक, पण आमच्या फोडणीची खबर त्यातून चौथ्या मजल्यावर पोचायला मिनिट लागत नाही. तिथले काका आले तेव्हा मी झाकण उचलत होतो.

"तितर का हो?"

"नाही काका, लावे. जपानी."

"जपानी? मग इथे कसे आले?"

"१९७४ साली कॅलिफोर्नियातून आणले. बरेलीजवळ इज्जतनगरला पक्षी संशोधनाचं मोठं केंद्र आहे, तिथून पसरले."

"म्हणजे अमेरिकन म्हणा की!"

काका खुर्चीत बसले. बसा म्हटलेलं नव्हतं. रिटायर माणूस, कमिटीवर आहे, आणि खाण्याच्या बाबतीत आपलं घराणं ठाण्यात पहिलं असा समज आहे. तो बहुधा खराही असेल, कारण त्यांच्याकडच्या कोळंबीच्या खिचडीबद्दल मला आदर आहे. ती मला एकदाही मिळालेली नाही, हा भाग वेगळा.

"आमचे आजोबा येऊरला शिकारीला जायचे," काका म्हणाले. "ससे."

मी एक लावा बशीत दिला.

"ससे काय, रानडुकरंसुद्धा. मामाभाच्याच्या डोंगरापर्यंत माग काढत जायचे. आजी इकडे मसाला वाटूनच ठेवायची, एवढी खात्री." पहिल्या लाव्याची तंगडी गेली. "एकदा तर बिबट्या."

बिबट्याचा रस्सा केला होता का, हे मी विचारलं नाही. त्याचं उत्तर 'हो' आलं असतं तर पुढचा तास गेला असता. तरी गेलाच. येऊरहून काका कोल्हापूर दरबारात शिरले. तिथे शिकारीचे चित्ते पाळले होते आणि ते काळविटांवर सोडत, हे खरंच आहे, पण काकांच्या सांगण्यात आजोबा त्या चित्त्याची दोरी धरून उभे होते. येऊरचे आजोबा कोल्हापुरात कधी गेले, ते विचारायला जावं तर बशी पुढे आली होती.

"आता काही राहिलं नाही हो," दुसऱ्या लाव्याचा बरगडीचा भाग चोखत ते म्हणाले. "१९७२ चा कायदा आला आणि सगळं संपलं. सात-सात वर्षं आत टाकतात. बरोबरच आहे म्हणा. जनावरं जगली पाहिजेत." मग हाड बशीच्या काठावर ठेवून, आवाज खाली आणून : "याची पावती आहे ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, काका, हा कोंबडीसारखाच पाळीव पक्षी आहे. २०११ साली केंद्राने यालाही वन्यजीव कायद्याच्या परवान्याचं झेंगट लावलं होतं, पण पुढे ते सोडवलं. रानातला लावा वेगळा, त्याला हात लावायचा नाही, मी लावतही नाही.

"ते चवीवरून कळतंच," काका म्हणाले. "रानातला पक्षी पळतो, उडतो, किडे खातो. त्याच्या मांसाला रान लागतं. हा बसून खाणारा. सरकारी नोकर." स्वतः पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाने हे म्हणावं!

खरं सांगायचं तर त्यांचं चुकलं नव्हतं. कोंबडीच्या तंगडीचं मांस असतं ना, त्याहून जरा गडद, जरा गोडसर, हाडं इतकी बारीक की निम्मी चावून जातात. चांगलं लागतं. पण 'शिकार' म्हणून जो एक थाट मनात असतो, तो त्यात शोधूनही सापडत नाही. फक्त हे मला माझ्या घरात, माझ्या ताटातलं खात असताना कोणी सांगायला नको होतं. घरात आम्ही चौघं, काकांनी संपवले दोन, उरलेल्या चारांत बायकोने अर्धाच घेतला आणि मुलगा म्हणाला, "यात खायचं काय असतं?"

नवा पक्षी दिसला की आपल्या लोकांना दोनच गोष्टी सुचतात, गुंतवणूक नाहीतर चौकशी. एमूचं काय झालं आठवा. माझ्या मावसभावाने सांगलीकडे जमीन कुंपण घालून एमू पाळले. पिल्लं विकणारेच मोठे झाल्यावर परत घेणार, तेल विकणार, कातडं विकणार. २०१२ च्या सुमाराला सगळा फुगा फुटला, कारण पक्षी सगळे पाळत होते आणि खात कोणीच नव्हतं. भावाकडेसुद्धा रविवारी ब्रॉयलरच यायचा. ती गडद हिरवी अंडी अजून त्याच्या शोकेसमध्ये आहेत. तेव्हा कोणत्याही सेक्रेटरीने कोणाला खुलासा मागितला नाही.

येऊरलाच बघा. राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत बंगले उठले, लग्नाचे हॉल उठले, रात्री डीजे वाजतात. बिबट्यांना झोप लागत नसेल. त्यावर आमच्या ग्रुपवर 'सुंदर व्हेन्यू' असे फोटो येतात. घोडबंदर रोडला भाड्याचं घर बघायला गेलं की दलाल नावाआधी 'व्हेज की नॉनव्हेज' विचारतो, ते आम्ही मुकाट सांगतो. आमच्या इमारतीत टँकरच्या पाण्याचा हिशेब गेल्या वर्षापासून लागलेला नाही. पण माझ्या कढईचा लागला पाहिजे.

काकांना लिफ्टमध्ये गाठलं. म्हणाले, "अहो, तक्रार कुठली? मी कौतुक केलं! सेक्रेटरींना म्हटलं, काय सुंदर तितर केलं होतं यांनी."

"लावे, काका."

"हां, तेच. अमेरिकन."

खुलाशाला पावती जोडायची म्हणून फार्मवाल्याने पाठवलेलं बिल उघडलं. त्यावर फक्त 'पक्षी – ६ नग'. सेक्रेटरींनी लगेच विचारलं, कोणता पक्षी? जिवंत की कसा? फार्मवाल्याला फोन केला, तो बिचारा लाव्यांना खाद्य टाकत होता, मागे किलबिल ऐकू येत होती. म्हणाला, "दादा, आजवर असं कोणी विचारलं नाही. पण तुम्ही म्हणाल तसं लिहितो." रात्री नवीन बिल आलं : 'जपानी लावा (मयत) – ६ नग'.

ते मी ग्रुपवर टाकलं. सकाळी सेक्रेटरींचं उत्तर : 'मयत कोठे व कशामुळे, याचा उल्लेख नाही. विषय पुढील सभेत घेण्यात येईल.'

खाली काकांचा अंगठा.