म्हशीची मर्जी

फाल्गुनात आंब्याला मोहोर येतो, पळस फुलतो आणि वहिनींच्या माहेरी लग्न निघतं. पहिल्या दोन गोष्टींवर कविता झाल्यात. तिसरीचा भार माझ्यावर पडला, कारण मी घरून काम करतो आणि कराडकडच्या आमच्या गावात याचा अर्थ 'रिकामाच आहे' असा धरतात.

दादा-वहिनी गेले. मागं उरले गुडघे धरून ओसरीवर बसलेली आई, म्हैस, तिचं रेडकू, नुकतीच व्यालेली शेळी, तिची दोन करडं आणि एक खुडूक कोंबडी. मान याच क्रमानं. माझा नंबर कोंबडीनंतर.

कोंबडीनं माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत ठाण मांडलं. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागली, की बुडाखाली अंडं आहे का, हेसुद्धा बघत नाही. चार्जर काढायला हात घातला की टोच. २१ दिवसांनी त्यातून मोबाइल निघेल असा तिचा हिशेब असावा.

बाकी कामं अंगमेहनतीची. साखर कारखाने चालू, म्हणून वैरणीला उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला. नुसत्या वाढ्यानं जनावराच्या अंगातलं कॅल्शियम कमी होतं, म्हणून त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची. दुपारी ऊन चढलं की म्हशीला पाणी मारायचं, कारण काळी कातडी तापते आणि तिला घाम पुरेसा येत नाही. नेमकी तेव्हाच माझी मीटिंग. तिथं घाम मला येतो.

पण खरी परीक्षा धारेची. आंबोण ठेवलं, रेडकू सोडलं, त्यानं ढुसण्या दिल्या, ते ओढून बांधलं, अंगठा मुडपून बसलो. म्हशीनं मान वळवून मला नीट पाहिलं आणि पान्हा चोरला. म्हशीचं दूध सडात साठून नसतं, वर कासेत असतं. ती मनानं सोडेल तेव्हाच खाली उतरतं. गाय थोडीफार भीड ठेवते, म्हैस नाही.

जेमतेम दीड लिटर घेऊन डेअरीत गेलो. म्हशीच्या दुधाचा दर ६ टक्के फॅटला धरतात. आमची लागली ५.१. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, फॅट असते ती शेवटच्या दुधात, आणि तेच तिनं वर ठेवलेलं. मापावरचा पोरगा सभ्य. पाणी घातलंय का, असं विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "यंदा विहिरीला पाणी बरंय वाटतं तुमच्या."

आई म्हणाली, "आरं, तिला बोलायला लागतं. तुझी वहिनी कायतरी बोलत असती की धार काढताना."

वहिनींना फोन लावला. "काय बोलता हो तिच्याशी?"

"काही नाही भावजी. असंच. घरातलं."

संध्याकाळी मी माझ्या ऑफिसातलं बोलून पाहिलं. रखडलेली पगारवाढ, रात्रीचे कॉल, सगळं. म्हशीनं रवंथ थांबवून ऐकलं आणि शेपटी तोंडावर मारली.

शेवटी सकाळी फोन स्पीकरवर टाकून गव्हाणीत ठेवला. वहिनी आधी लाजल्या, मग लागल्या. आईला त्या आत्या म्हणतात. "हं बाई, हं... निघताना आत्या म्हणतात, लग्नाला हीच साडी? दुसरी कधी घेतलीय का यांनी? तुपाच्या बरणीवर खूण करून ठेवतात, मला कळत नाही होय?" म्हशीचे कान सैल पडले, सड टरारले. "आणि हे भावजी! येतात, खातात, झोपतात. पाण्याचा तांब्या उचलत नाहीत कधी..." इथं दुधाची अशी धार लागली की बादलीत फेस मावेना.

मान खाली घालून सगळी धार काढली. गोठा आणि ओसरी यांच्यात एकच कुडाची भिंत आहे, हे उठताना ध्यानात आलं.

डेअरीतून परत आलो तर आई तिथंच बसलेली. माझ्या हातातली पावती घेतली, डोळ्यांपासून लांब धरून वाचली. फॅट ७.२.

"उद्या पण लाव फोन," आई म्हणाली. "आन् तिला म्हणावं, बरणीचं झालं, आता दुसरं काढ."