पूल पाडायचा म्हणतात

परवा सकाळी दूध आणायला निघालो तर पुलाच्या मधोमध बाभळीची फांदी उभी. आपल्याकडं रस्त्यात अशी काटेरी फांदी दिसली की खाली खड्डा आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. इथं एक फळी मोडून पडली होती आणि भोकातून खालचा नाला दिसत होता. कुण्या भल्या माणसानं रात्रीच ती फांदी खोचून ठेवली असणार. नऊ वर्षांत या पुलाची झालेली ही सगळ्यात चांगली देखभाल.

आता पूल पाडायचा म्हणतात. त्या जागी सिमेंटचा होणार. ग्रुपवर एकानं लिहिलं, 'लाकडाचा पूल आपल्याकडं टिकतच नाही.' बावीस अंगठे पडले त्याला. म्हणून हे लांबण लावतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जुनं गाव आणि नवी वसाहत यांच्यामध्ये नाला आहे, त्यावर हा फक्त पायी जायचा लाकडी पूल. लोकार्पणाला झेंडूच्या माळा होत्या, फेटे होते, ताशा होता. दोन्ही टोकांना ग्रॅनाइटच्या कोनशिला बसवल्या. त्या अजून ठणठणीत आहेत. सुरुवातीचे दोन पावसाळे पूल खरंच देखणा होता. पहाटे भाजीवाल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन निघाल्या की फळ्यांचा दबका आवाज आमच्या गच्चीपर्यंत यायचा. तिसऱ्या वर्षी फळ्या उचलायला लागल्या, खिळे वर आले, बायांच्या साड्या अडकायला लागल्या. मग एक दिवस ऐन आषाढात, पाऊस लागलेला असताना, माणसं आली आणि ओल्या लाकडावर जाडजूड ऑइलपेंट फासून गेली.

मागच्या रविवारी ओळखीच्या सुतारमामांना तिथं घेऊन गेलो. माझी समजूत होती की सागाच्या नावाखाली काहीतरी भलतंच लाकूड मारलंय. मामांनी मोडक्या फळीचा तुकडा पटाशीनं तासला, नाकाशी धरला आणि म्हणाले, "साग खराच हाय सर. पण कवळा हाय." सागाची ताकद गाभ्यात असते, तपकिरी भागात. बाहेरचा फिका भाग वाळवीला आणि बुरशीला लगेच बळी पडतो. त्या तुकड्यात निम्म्याहून जास्त भाग फिकाच होता. म्हणजे कागदावर साग, डोळ्यांना साग, फक्त पावसाला तो साग वाटला नाही.

मग त्यांनी मला पुलाच्या टोकाला खाली वाकायला लावलं. मुख्य तुळया काँक्रीटच्या कट्ट्यात चक्क गाडून टाकल्यात. भोवती पाणी जायला वाट नाही. लाकूड टोकाकडून जितकं पाणी पितं तितकं बाजूनं पीत नाही, कारण त्याच्या नळ्या तिथंच उघड्या असतात. मामांनी पटाशी टोचली, मुठीपर्यंत आत गेली. वरच्या फळ्याही एकमेकींना चिकटवून ठोकलेल्या. बोटभर सोडा, पैसा जाईल एवढीही फट नाही. पाला, माती, गुटख्याच्या पुड्या, सगळं सांध्यात बसलेलं आणि मार्गशीर्षातसुद्धा ओलं. बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओल मिळाली की तिचं भागतं, आणि इथं वरून रंगाचं झाकण घालून ती ओल आपणच कोंडून ठेवलेली. त्यात आपला उन्हाळा ४२-४३ अंशांचा. वैशाखात लाकूड तडकणार, मृगात फुगणार. "सर, लाकडाला पाणी पाजा की, कोण नको म्हणतंय?" मामा म्हणाले. "पण भिजल्यावर वाळू तर द्या त्याला."

आता मला सांगा, लाकूड टिकत नाही हे मराठवाड्यातल्या माणसानं म्हणावं? आमच्या आजीचं घर माळवदाचं होतं. डोक्यावर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, त्यावर हातभर माती, आणि खाली सागाचे खांब. वय विचारलं तर आजी म्हणायची, माझ्या सासऱ्याच्या आधीचं. त्यातला एकही खांब जमिनीला टेकलेला नव्हता. प्रत्येकाच्या खाली दगडी तळखडा, जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून. तळखडा म्हणजे काय हे आमच्या पुलाच्या ड्रॉइंगवर सह्या करणाऱ्या साहेबांना त्यांच्याच आजोळी बघायला मिळालं असतं. आणि दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माळवदावर पांढरी माती पडायची. गवत उपटायचं, पन्हाळी मोकळी करायची. आम्हा पोरांना ते काम नको वाटायचं, पण सुट्टी त्यातच जायची. एकदा काका आजारी पडले, माती राहिली, तर त्याच पावसाळ्यात माजघरात तीन ठिकाणी पातेली ठेवावी लागली. कडीपाट टिकत नाही असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. माती टाकली नाही, एवढंच म्हणाले.

जपानात इवाकुनी गावात किंताई पूल आहे, पाच कमानींचा, लाकडी, पायी जायचा. १६७३ साली बांधला आणि पुढच्याच वर्षी पुरानं नेला. त्यांनी पुन्हा बांधला, देखभालीसाठी लोकांकडून वेगळा कर घेतला, दर काही वर्षांनी लाकूड बदलत राहिले. १९५० च्या वादळात तो पुन्हा वाहून गेला, १९५३ ला पुन्हा लाकडाचाच उभा राहिला, आणि २००१ ते २००४ मध्ये परत नव्यानं घडवला. तिथं जुना सुतार नव्याला हाताखाली घेऊन शिकवतो. जपान लांब वाटत असेल तर ब्रह्मदेश घ्या. मंडालेजवळ अमरपूरला सव्वा किलोमीटरभर लांब सागवानी पूल आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला. पाऊस तिथंही पडतो.

आणि सिमेंट म्हणजे काही अमृत प्यालेलं नाही. आतलं लोखंड गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडतं. फक्त ते उशिरा दिसतं. मला वाटतं आपल्याला ते आवडतं ते याचसाठी. ज्याच्याकडं बघावं लागणार नाही असा पूल हवाय आपल्याला.

दोष सगळा वरच्यांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही, ही पण गोष्ट आहे. पूल पायी जाणाऱ्यांचा. गाड्या घुसू नयेत म्हणून दोन्हीकडं मध्ये लोखंडी खांब रोवले होते. आठवड्याच्या आत ते कापले गेले, कुणी कापले ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्यानंतर मोटारसायकली सुरू झाल्या, मग गॅसच्या टाक्या लादलेल्या गाड्या. मीसुद्धा पावसात चौकाचा वळसा नको म्हणून स्कूटी घातलीय त्यावरून. एकदा नाही, बऱ्याचदा. चाक फळीवर चढताना खिळा करकरायचा, ते मला ऐकू यायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाडायच्या आधी तुळयांची टोकं कापून त्यांना दगडी बैठक द्या, गाभ्याच्या लाकडाच्या फळ्या फट सोडून स्क्रूनं बसवा, आणि दरसाल वैशाखात दोन सुतार आठवडाभर कामाला लावा. पुन्हा लोकार्पण करायचं असेल तर त्याला माझी हरकत नाही, झेंडू मी आणतो.

येत्या रविवारी सकाळी नऊला पुलाच्या वसाहतीकडच्या टोकाला बैठक आहे. सुतारमामा येणार आहेत, पटाशी घेऊन. जुन्या गावातल्यांनी जरूर यावं, फक्त गाडी पलीकडंच लावून पायी या.