ओपिऑइड रिसेप्टर फक्त ‘आनंदकेंद्रा’त नसतात

‘मॉर्फिनचे रिसेप्टर मेंदूतल्या आनंदकेंद्रात असतात, म्हणून एक इंजेक्शन घेतलं की व्यसन लागतंच,’ असा मजकूर सध्या फिरतोय. पहिलं विधान अर्धवट, दुसरं चूक. मॉर्फिन आणि त्याच्यासारख्या औषधांना ओपिऑइड म्हणतात; रिसेप्टर म्हणजे पेशीवरची अशी जागा, जिथे औषध चिकटून आपला परिणाम करतं.

१९७३ साली कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी नॅलॉक्सोन (मॉर्फिनचा परिणाम उलटवणारं औषध) वापरून उंदराच्या मेंदूत हे रिसेप्टर दाखवले. मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागात ते भरपूर सापडले. तथाकथित आनंदकेंद्र याच भागात येतं. पण ते थॅलॅमस, अमिग्डाला या मेंदूच्या इतर भागांत आणि मध्यमेंदूतल्या पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे भागातही असतात. वेदना दाबण्याचं बरंचसं काम या शेवटच्या भागातून आणि मज्जारज्जूतून चालतं. बाळंतपणात पाठीच्या कण्यातून दिलेलं ओपिऑइड औषध उपयोगी पडतं ते यामुळेच.

खरी जोखमीची जागा मात्र या मजकुरात आलेलीच नाही: मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग. श्वासाची लय राखणाऱ्या तिथल्या पेशींवर हेच रिसेप्टर असतात. मात्रा जास्त झाली की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावतो आणि थांबूही शकतो. नॅलॉक्सोन त्याच रिसेप्टरवरून औषधाला हुसकावून लावतं.

आणि हो, आतड्यातही ते असतात. मॉर्फिनवरच्या रुग्णाला बद्धकोष्ठता होते, त्यात आनंद कसला?

व्यसनाचा धोका खराच, पण तो मात्रा, कालावधी आणि माणसागणिक बदलतो. डॉक्टरांच्या देखरेखीत चालू असलेलं औषध असा मजकूर वाचून परस्पर बंद करू नका.