चिवड्याचा कडता

पाकिटावर ५०० ग्रॅम, घरी काट्यावर ४४६. काटा सूनबाईंच्या केकचा, त्यामुळे त्यावर शंका घ्यायची आमच्याकडे सोय नाही. पाकीट घेऊन तडक रविवार कारंजावरचं दुकान गाठलं.

दुकानदाराने तोंड उघडायच्या आत शेजारच्या काकांनी त्याचं वकीलपत्र घेतलं. डोक्याला माकडटोपी, हातात कोथिंबिरीची जुडी.

"अहो, चिवडा उडतो!"

"उडतो?"

"ओलावा उडतो हो. नाशिकची हवा कोरडी. हाच मुंबईत मोजा, सव्वापाचशे भरेल."

"मग दादरला जाऊन खाऊ?"

"शिवाय पिशवीत हवा. ती वजन वर उचलते. फुगा बघितलाय ना कधी?"

मी नियमावर आलो. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. अर्ध्या किलोच्या एखाद्या पाकिटात १५ ग्रॅम इकडेतिकडे चालतं, पण सगळ्या पाकिटांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. तेही निव्वळ वजन, पिशवी सोडून.

काकांनी जुडी या हातातून त्या हातात घेतली. "रिटायर कधी झालात?"

एवढ्यात दुकानदाराला जोर चढला. त्याने फळीवरची पाकिटं एकेक करून काट्यावर टाकली. पिशवीसकट ४५५. ४५२. ४५७. "बघा साहेब, सगळी सारखीच. तुम्हालाच कमी दिला असं नाही!" गुन्ह्याचा पुरावा इतक्या अभिमानाने कुणी दिलेला मी तरी पाहिला नाही.

"समता आहे," काका म्हणाले.

याच जिल्ह्यात शेतकऱ्याच्या कांद्याला ओला म्हणून कडता, म्हणजे वजनात कपात, आणि माती म्हणूनही कडता. तिथे ग्रॅम-ग्रॅम दिसतो. मिठाईवाला तर खोक्यासकट पेढा तोलतो आणि पुठ्ठा पेढ्याच्या भावाने आपल्या गळ्यात मारतो. आपण बोललो की मागची रांग "चला हो, उशीर होतोय" म्हणून आपल्यावरच खेकसते.

वजनमापेवाल्यांकडे तक्रार करतो म्हटलं, ग्राहकांची १९१५ ही हेल्पलाइनही ऐकवली. दुकानदार शांतपणे म्हणाला, "करा की. बिल आहे?"

बिल नव्हतं. मागितलं तेव्हा मशीन बंद होतं. आत्ता मात्र त्याच मशीनमधून काकांचं बिल सुरसुर बाहेर आलं. त्यांनी दोन पाकिटं घेतली होती.

"कमी भरतात, आत्ताच बघितलंत ना?" मी म्हटलं.

"पाहुण्यांसाठी आहेत," काका म्हणाले. "तसेही ते फार खातात."