लाइन रिकामी ठेवून गळती थांबत नाही, घाण मात्र आत येते

सकाळी आत्याचा फोन आला. फॅमिली ग्रुपवरचा तो मेसेज तिने वाचला होता. "म्हणजे पाणी दोनच तास सोडलेलं बरं का रे? गळती वाचते ना?" हाच मेसेज मला या आठवड्यात चार जणांनी पाठवलाय, मी सोडून दिला होता, पण आत्याला तो पटलाय म्हटल्यावर लिहायलाच बसलो.

मेसेजमधलं थोडक्यात असं: जुनी पाइपलाइन बदलायची गरज नाही, सॅटेलाइट प्रत्येक लीकेज दाखवतो, स्मार्ट मीटर लावले की गळती शून्य, आणि तोपर्यंत पाणी दोन तास सोडून बाकी वेळ लाइन रिकामी ठेवा.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्याने माणसं आजारी पडतात. प्रेशर नसलं की भोकातून पाणी बाहेर जात नाही, हे खरंय, तेवढं मान्य. पण भोक तिथेच राहतं ना! व्हॉल्व्ह बंद झाला की वरच्या भागातलं पाणी उताराला निघून जातं, पाइपात ओढ तयार होते आणि काल ज्या फटीतून पाणी बाहेर येत होतं त्याच फटीतून आज भोवतालचं पाणी आत जातं, आणि जुन्या वस्तीत ड्रेनेजची लाइन कित्येकदा शेजारूनच गेलेली असते नि तीही गळकी. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की ओढ अजून वाढते. शिवाय रोज भरायचं रोज रिकामं करायचं म्हणजे अडकलेल्या हवेचे धक्के बसतात, जॉइंट सैल होतात, लोखंड आतून गंजतं. गळती वाचवायच्या नावाखाली नव्या गळत्या तयार करायच्या!

आणि लीकेज शोधायचं मशीन चालतं आवाजावर. पाइपवर दोन जागी सेन्सर लावतात, गळतीचा आवाज कुठे किती आधी पोचला त्यावरून जागा काढतात. लाइनमध्ये प्रेशरच नसेल तर आवाज कुठून येणार? रात्री 2 ते 4 मध्ये, लोक झोपलेले असताना, एरियात किती पाणी जातंय ते मोजायचं ही गळती ओळखायची साधी पद्धत, तीही बंद लाइनवर चालत नाही.

कंबोडियाचं नॉम पेन्ह बघा. 1993 मध्ये तिथे 72 टक्के पाण्याचे पैसेच मिळत नव्हते (गळती, चोरी सगळं धरून) आणि पाणी यायचं दिवसाला 10 तास. 2008 पर्यंत तो आकडा 6 टक्क्यांच्या आसपास आला आणि पाणी 24 तास झालं, प्रेशरही वाढलं. म्हणजे पाण्याचे तास वाढले आणि तरीही गळती कमी झाली! त्यासाठी जुने बिडाचे पाइप काढून डक्टाइल आयर्न (सहज न तडकणारं लोखंड) आणि एचडीपीई (टणक प्लास्टिक) यांचे टाकले, झोन पाडून पाणी मोजलं, प्रत्येक नळाला मीटर बसवला, बेकायदा जोड तोडले, त्यात स्वतःचे कर्मचारी सापडले तर त्यांनाही सोडलं नाही, आणि रिपेअरची टीम दिवसरात्र तयार ठेवली. टेक्नॉलॉजी होतीच, पण खोदकामही होतं. 2010 मध्ये तिथल्या पाणीपुरवठा संस्थेला स्टॉकहोम इंडस्ट्री वॉटर अवॉर्ड मिळालं ते यासाठी.

बाकीचं पटकन. सॅटेलाइटचं रडार जमिनीतली ओल टिपून संशयाचा टापू दाखवतं, नेमकी जागा शोधायला माणूसच मायक्रोफोन घेऊन चालतो. स्मार्ट मीटर घराच्या तोंडाशी असतो, त्याच्या आधी फुटलेली लाइन तो कशी जोडणार? झोनच्या मीटरशी ताळा करून फरक कळतो, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो मोठा आहे. शून्य गळती तर कुठेच नाही, टोकियोसारखं शहर वर्षानुवर्षं मागे लागून 3 टक्क्यांच्या आसपास आहे.

उलट जे स्वस्त आणि लवकर होण्यासारखं आहे ते मेसेजमध्ये नाहीच. रात्री वापर घटला की प्रेशर वाढतं आणि गळतीही वाढते. तेव्हा प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह लावला तर ढोबळमानाने जेवढ्या टक्क्यांनी प्रेशर उतरतं तेवढ्याच टक्क्यांनी गळती उतरते. मात्र प्रेशर उतरवायचं, शून्य करायचं नाही.

आत्याला सांगितलं, पाणी आल्यावर सुरुवातीचं गढूळ किंवा वासाचं असेल तर ते फरशीला घे, प्यायला भरू नकोस, आणि पिण्याचं उकळूनच घे. मग विचारलं, मेसेज पुढे कुणाला पाठवलास का? सात जणांना पाठवला होता. त्या सगळ्यांना ती आज फोन करणार आहे.